लग्नापाशी न थांबणारी प्रेमकथा

‘क्रिस्टिन लाव्हरान्सदातर’ ही सिग्रिड उंडसेट या नॉर्वेजियन लेखिकेची तीन खंडांची कादंबरी. पहिला खंड १९२० मध्ये आला, दुसरा १९२१ मध्ये आणि तिसरा १९२२ मध्ये. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात नॉर्वेच्या एका डोंगराळ खोऱ्यात वाढलेल्या स्त्रीचे बालपणापासून मृत्यूपर्यंतचे आयुष्य तिच्यात आहे. वडिलांची लाडकी लेक, मनाजोगत्या पुरुषासाठी घराशी झगडणारी तरुणी, सात मुलगे वाढवणारी घरधनीण, विधवा, आणि शेवटी १३४९ च्या प्लेगमध्ये मरणारी मठवासी स्त्री अशी क्रिस्टिनची वाटचाल आहे. हजारांहून अधिक पाने व्यापणाऱ्या या कथेत प्रेम आणि श्रद्धा या दोन ओढी एकाच मनात आयुष्यभर भांडत राहतात, आणि त्यांतली कोणतीही एक पूर्णपणे जिंकत नाही.

प्रेमकथा सहसा लग्न लागले की संपते. इथे लग्न लागते ते पहिल्या खंडाच्या अखेरीस. उरलेले दोन खंड त्या लग्नानंतरचे आहेत. ज्याच्यासाठी सारे पणाला लावले त्याच्यासोबत रोजचे दिवस कसे निभतात, दुखावलेल्या माणसांचे ऋण कसे फेडायचे, देवापुढे कोणत्या तोंडाने उभे राहायचे, हे प्रश्न लेखिकेला लग्नाच्या प्रश्नापेक्षा मोठे वाटतात. कादंबरीचे सामर्थ्य या निवडीत आहे.

उंडसेट यांची या विषयाची तयारी लहानपणी घरातच झाली. त्यांचा जन्म २० मे १८८२ रोजी डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग या गावी झाला. आई डॅनिश, वडील नॉर्वेजियन. वडील इंगवाल्ड उंडसेट हे नावाजलेले पुरातत्त्वज्ञ होते. सिग्रिड दोन वर्षांची असताना कुटुंब नॉर्वेच्या राजधानीत, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्टियानियात आणि आजच्या ऑस्लोत, राहायला आले. उत्खननात सापडलेल्या वस्तू, जुनी हत्यारे, जुन्या काळच्या गोष्टी हे त्या मुलीचे रोजचे विश्व झाले. आइसलँडच्या मध्ययुगीन सागा, म्हणजे घराण्यांच्या वैराच्या आणि इमानाच्या गद्य कथा, तिने फार लहान वयात वाचल्या. त्या कथांतले मितभाषी सांगणे पुढे तिच्या लेखणीत मुरले.

१८९३ मध्ये वडील वारले तेव्हा ती ११ वर्षांची होती. घरची स्थिती बेताची झाली. सोळाव्या वर्षी तिने क्रिस्टियानियातल्या एका विद्युत अभियांत्रिकी कंपनीत सेक्रेटरीची नोकरी धरली आणि ती दहा वर्षे केली. दिवसा पत्रव्यवहार सांभाळायचा आणि रात्री लिहायचे, असा क्रम होता. या रात्रींतून मध्ययुगीन डेन्मार्कवरची एक कादंबरी तयार झाली. प्रकाशकाने ती परत पाठवली आणि ऐतिहासिक कादंबरीच्या वाटेला न जाण्याचा सल्लाही दिला. मग उंडसेट आपल्याच काळाकडे वळल्या. १९०७ मधली ‘फ्रू मार्ता औली’ आणि १९११ मधली ‘येनी’ या कादंबऱ्यांत शहरातल्या नोकरदार, एकट्या, प्रेमासाठी आसुसलेल्या स्त्रिया आहेत. ‘येनी’ने खळबळ उडवली. तरीही जुना काळ सुटला नव्हता, कारण मधल्या काळात, १९०९ मध्ये, त्यांनी सागांच्या वळणाची एक छोटी कादंबरी लिहून प्रसिद्ध केली होती.

१९१२ मध्ये त्यांनी चित्रकार आंदर्स कास्तुस स्वार्स्ताद यांच्याशी विवाह केला. स्वार्स्ताद घटस्फोटित होते, पहिल्या लग्नाची तीन मुले त्यांना होती. उंडसेट यांनाही पुढे तीन मुले झाली. मधली मुलगी जन्मापासून गंभीर अपंगत्व घेऊन आलेली. एवढ्या मोठ्या घराची व्यवस्था, आजारी मूल आणि लेखन यांचा ताळमेळ बसवताना संसार विस्कटला. १९१९ मध्ये त्या मुलांना घेऊन लिलेहामर या गावी आल्या. गुडब्रान्सदाल खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या या गावात त्यांनी जुन्या लाकडी घरांचा ‘ब्येर्केबेक’ हा मुक्काम उभारला. मुले झोपल्यावर लिहायला बसायचे, ही सवय इथेही कायम राहिली. क्रिस्टिनची कथा याच घरात, याच खोऱ्याच्या साक्षीने लिहून झाली. तिच्यात बाळंतपण, अंगावरचे दूध, आजारी लेकराची रात्र, थकलेल्या बाईचा चिडलेला स्वर हे सारे इतक्या नेमकेपणाने येते की ते वाचताना लेखिकेचे स्वतःचे दिवस आठवल्याशिवाय राहत नाहीत.

कादंबरी ज्या नॉर्वेत घडते तो देश तेव्हा तीनशे वर्षे ख्रिस्ती होता. राजा ओलाव १०३० मध्ये स्तिक्लेस्ताद येथील लढाईत पडला आणि लवकरच संत मानला गेला. त्याच्या समाधिस्थानावर निदारोस, म्हणजे आजच्या ट्रॉन्डहाइम, येथे भव्य कॅथीड्रल उभे राहिले आणि उत्तर युरोपातून यात्रेकरू तिथे येऊ लागले. बाराव्या शतकाच्या मध्यापासून निदारोस हे आर्चबिशपचे पीठ झाले. गावोगावी लाकडाच्या उभ्या फळ्यांची, डांबर फासलेली चर्चे होती. त्यांतली २८ आजही उभी आहेत. शेतीची कामे, कर्ज फेडण्याच्या तारखा, लांबचे प्रवास हे सारे संतांच्या सणांवरून मोजले जाई. उपवासाच्या काळात काय खायचे आणि पतीपत्नींनी एकत्र यायचे की नाही, हेही चर्च सांगत असे.

त्याच वेळी जुन्या समजुती पुरत्या गेलेल्या नव्हत्या. डोंगरात बुटक्यांचे राज्य आहे, पर्वतकन्या माणसांना भुलवून नेतात, हे लोकांना खरे वाटे आणि चर्चमध्ये मिस्सेला जाणारी माणसेही ते मानत. उंडसेट या समजुतींकडे वरून बघत नाहीत. सात वर्षांची क्रिस्टिन वडिलांसोबत उन्हाळी कुरणांकडे जाते, एकटी भटकत ओढ्याकाठी पोहोचते आणि पलीकडे एक गोरी, सोनेरी माळ हाती घेतलेली स्त्री तिला खुणावताना दिसते. मुलगी किंचाळत पळत सुटते. ते स्वप्न होते, भास होता की खरोखर कोणी होते, याचा निवाडा लेखिका करत नाही. क्रिस्टिनला दिसले, तिच्या वडिलांनी ते खरे मानले आणि ते घाबरले. त्या काळच्या माणसांसाठी एवढे पुरेसे होते.

लग्नाविषयी त्या काळात दोन नियम एकमेकांवर आदळत होते आणि कथेचा पेच त्यांतूनच तयार होतो. १२७४ मध्ये राजा माग्नुस लागाबोते याने साऱ्या देशासाठी एक कायदा केला. जमीन, वारसा आणि कुळ यांच्या व्यवस्थेत मुलीचे लग्न पालक ठरवीत, आणि त्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणारी मुलगी वारशाला मुके. चर्चचे म्हणणे मात्र वेगळे होते. बाराव्या शतकापासून तिथे असे मानले जाई की वधू आणि वर यांची परस्पर संमती हाच विवाहाचा गाभा; ती नसेल तर विधी पोकळ, आणि ती दिलेली असेल तर साक्षीदार नसतानाही बंधन पक्के. म्हणजे वडिलांनी दहा लोकांसमोर केलेला वाङ्निश्चय आणि दोघांनी चोरून घेतलेली शपथ, दोन्ही बंधनकारक ठरू शकत. क्रिस्टिन नेमकी या दोन बंधनांत सापडते.

पहिल्या खंडाचे नाव ‘क्रान्सेन’, म्हणजे माळ. कुलीन घरातल्या अविवाहित मुली मोकळ्या केसांवर जी माळ घालत ती. क्रिस्टिनचे घर सिल गावातले योरुंदगार्ड. वडील लाव्हरान्स ब्योर्गुल्फसोन हे श्रीमंत शेतकरी. शब्दाचे पक्के, दयाळू, मनापासून धार्मिक. आई राग्नफ्रीद अबोल आणि आतून खंतावलेली. तिचे मुलगे पाळण्यातच गेले, आणि धाकटी उल्व्हहिल्द लहानपणीच्या अपघाताने कायमची अधू झाली. क्रिस्टिनवर बापाचा जीव आहे. तो तिचे लग्न सिमोन आंद्रेसोन या चांगल्या घरातल्या, समंजस तरुणाशी ठरवतो. सिमोनमध्ये नाव ठेवण्यासारखे काही नाही. पण गावातल्या एकाने क्रिस्टिनवर हात टाकण्याचा प्रयत्न केलेला असतो, त्यातून तिचा बालमित्र आर्ने मारला जातो आणि गावभर कुजबुज होते. मन शांत व्हावे म्हणून ती वर्षभर ऑस्लोच्या नोनेसेतर मठात राहायला जाते.

तिथे तिला एर्लेन्द निकुलाउसोन भेटतो. देखणा, उमदा, धाडसी आणि बेफिकीर. हुसाबी या मोठ्या इस्टेटीचा तो मालक, पण नाव बदनाम झालेले. दुसऱ्याच्या बायकोबरोबर, एलिनेबरोबर, तो वर्षानुवर्षे राहिलेला, तिच्यापासून दोन मुले झालेली आणि त्यापायी चर्चने त्याला बहिष्कृतही केलेले. क्रिस्टिन हे सारे कळूनही मागे फिरत नाही. दोघे एकमेकांना शपथ देतात, चोरून भेटतात, आणि भेटीची जागा मिळेनाशी झाल्यावर एका कुप्रसिद्ध बाईच्या घरी भेटतात. तिथे सिमोन त्यांना गाठतो. तो आरडाओरडा करत नाही. तिला तिथून बाहेर काढतो, तिची अब्रू झाकतो आणि वाङ्निश्चयातून मोकळी करतो. वाचकाचे मन या क्षणी एर्लेन्दकडून सिमोनकडे झुकते, क्रिस्टिनचे झुकत नाही. उंडसेट यांनी ही विषमता शेवटपर्यंत जपली आहे, आणि प्रेमाविषयीचे त्यांचे आकलन तिच्यातच दिसते. चांगुलपणा पाहून प्रेम जडत नाही, आणि प्रेम जडले म्हणून माणूस चांगला होत नाही.

पुढे एलिने प्रत्यक्ष समोर येते, क्रिस्टिनला विष पाजू पाहते आणि त्या झटापटीत स्वतः सुरी खुपसून मरते. तिचा मृत्यू दडपला जातो. क्रिस्टिनच्या सुखाच्या पायाशी आता एक प्रेत आहे, आणि ही जाणीव तिला कधीच सोडत नाही. बापाचा विरोध वर्षे टिकतो. मुलगी झुरते आहे हे पाहून तो अखेर होकार देतो, पण मनातून तुटतो.

लग्नाचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. क्रिस्टिन तेव्हा गरोदर आहे आणि हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नाही, एर्लेन्दलासुद्धा. बायका तिला सजवतात, केस मोकळे सोडतात, डोक्यावर कुमारिकेचा सोन्याचा मुकुट चढवतात. तो जड आहे, कपाळाला रुततो. पोटात मळमळते आहे, समोर पाहुण्यांचे चेहरे तरंगत आहेत, आणि जो मुकुट घालण्याचा हक्क आपण गमावला तो घालून आपण देवासमोर उभ्या आहोत हे तिला प्रत्येक पावलाला जाणवते. साऱ्या विधीत आनंदाची एकही मोकळी ओळ नाही. रात्री वधूवरांना शयनगृहात पोहोचवून परतल्यावर लाव्हरान्सला सत्य उमगते. त्याच रात्री राग्नफ्रीद नवऱ्याला सांगते की लग्नापूर्वी तीही दुसऱ्याची झालेली होती. वीसहून अधिक वर्षांचा संसार एका वाक्याने हादरतो. खंड संपतो तो वधूवरांवर नव्हे, तर या वयस्क जोडप्यावर. पहिल्या खंडातले सर्वांत थोर पात्र क्रिस्टिन नसून तिचा बाप आहे, हे या पानांवर निःसंशय ठरते.

दुसरा खंड ‘हुस्फ्रू’, म्हणजे घरधनीण. हुसाबी नावाला मोठे घर आहे; आत कचरा, बेबंद नोकर, हिशेबाचा पत्ता नाही. क्रिस्टिन ते हाती घेते. मालटाच्या बिअरपासून गुरांच्या वैरणीपर्यंत सगळ्याची घडी बसवते. या खंडातली गृहकृत्यांची वर्णने कोणी लांबण म्हणेल, पण त्यांच्याशिवाय क्रिस्टिन समजत नाही. तिची श्रद्धा आणि तिचा अहंकार दोन्ही तिच्या कामातून दिसतात. ज्या बाईला नवऱ्यावर विसंबता येत नाही, ती घराचा प्रत्येक खांब स्वतःच्या हाताने धरून ठेवते.

पहिले बाळंतपण जिवावर बेतते. मुलगा सुखरूप जन्मतो. मग क्रिस्टिन प्रायश्चित्तासाठी निदारोसला निघते. अंगात जाडेभरडे कपडे, पाय अनवाणी, पाठीला बाळ बांधलेले. दगडधोंड्यांनी तळवे सोलले जातात, वाटेत बसून ती मुलाला पाजते. शहराच्या अलीकडच्या टेकडीवरून कॅथीड्रल पहिल्यांदा नजरेस पडते आणि तिला रडू कोसळते. मंदिराच्या भव्यतेत तिला शिक्षा दिसत नाही. जिथे आपल्यासारख्या पापी बाईलाही कोणी हाकलत नाही, अशी जागा दिसते. ती पापाची कबुली देते आणि लग्नात घातलेला सोन्याचा मुकुट संत ओलावला अर्पण करते. मध्ययुगीन श्रद्धेचे याहून जिवंत चित्र आधुनिक कादंबरीत क्वचितच सापडेल. इथे श्रद्धा सोललेल्या तळव्यांत आणि बाळाच्या ओझ्यात आहे.

मात्र प्रायश्चित्त झाले म्हणून मन मोकळे होत नाही. क्रिस्टिनचा मोठा दोष प्रेमातले पाऊल हा नाही. तो आहे मनात जपून ठेवलेला आकस. लग्नाआधीच्या प्रत्येक अपमानाची नोंद ती ठेवते आणि योग्य वेळी एर्लेन्दच्या तोंडावर मारते. देवाने तिला क्षमा केली, पण तिने नवऱ्याला केलेली नाही. एकामागून एक मुलगे होतात, नोक्वे, ब्योर्गुल्फ, गाउते, जुळे इवार आणि स्कुले, लाव्हरान्स, मुनान. आणि प्रत्येक मुलाबरोबर जबाबदारीचे ओझे व नवऱ्याच्या बेपर्वाईचा राग दोन्ही वाढतात. एर्लेन्द युद्धात शूर आहे, मित्रांत लाडका आहे, पण उद्याचा विचार त्याला जमत नाही.

राजकारण या खंडात उशिरा आणि पुरते एर्लेन्दच्या स्वभावातून येते. १३१९ मध्ये अवघ्या तीन वर्षांचा माग्नुस एरिक्सोन नॉर्वे आणि स्वीडन या दोन्ही देशांचा राजा झाला होता. मोठेपणी तो नॉर्वेकडे दुर्लक्ष करतो, अशी तिथल्या सरदारांची तक्रार होती. एर्लेन्द राजाविरुद्धच्या एका कटात सामील होतो. घरात बायकोशी बिनसले असताना तो एका परस्त्रीकडे रात्र घालवतो, कटाची पत्रे तिच्या हाती लागतात आणि सारे उघडकीला येते. त्याला पकडून छळ करतात. तो एकाही साथीदाराचे नाव घेत नाही. त्याच्या सुटकेसाठी धडपडतो तो सिमोन, जो आता क्रिस्टिनच्या धाकट्या बहिणीचा, रामबोर्गचा, नवरा आहे आणि मनातून अजूनही क्रिस्टिनवरच प्रेम करतो. जीव वाचतो, हुसाबी जप्त होते.

‘कोर्सेत’, म्हणजे क्रूस, या तिसऱ्या खंडात कुटुंब योरुंदगार्डला परतलेले आहे. सासऱ्याच्या घरात, सासऱ्याच्या आसनावर बसलेला एर्लेन्द गावाला परका आहे. एका भांडणात क्रिस्टिन त्याची वडिलांशी तुलना करते आणि तो घर सोडून डोंगरातल्या हाउगेन या एकाकी वाडीवर जाऊन राहतो. मरणाच्या दारातला सिमोन क्रिस्टिनकडून वचन घेतो की ती नवऱ्याकडे जाऊन समेट करील. ती जाते. हाउगेनवरचे ते दिवस या दीर्घ कथेतले जवळजवळ एकमेव निर्भेळ सुखाचे दिवस आहेत. तो म्हणतो, इथेच राहा. ती म्हणते, मुले आणि घर सोडून कशी राहू. दोघेही हट्टी, दोघांचेही आपापल्या परीने बरोबर. ती परत येते, तिला मूल होते, आणि तो आला नाही या रागात ती बाळाचे नाव एर्लेन्द ठेवते. जिवंत बापाचे नाव मुलाला ठेवणे म्हणजे बाप मेला असे म्हणणे, अशी त्या लोकांची समजूत होती. बाळ लवकरच जाते. गाव म्हणते, मूल एर्लेन्दचे नव्हतेच. कारभारी उल्फचे होते. हा आळ ऐकून एर्लेन्द घोडा फेकत येतो आणि अंगणातल्या चकमकीत मारला जातो. दोन माणसांनी एकमेकांवर इतके प्रेम केले आणि नमते घेणे मात्र कोणालाच जमले नाही. या अध्यायाचे दुःख तेच आहे.

त्यानंतर क्रिस्टिनच्या हातून एकेक गोष्ट सुटत जाते. मुलगे आपापल्या वाटेने जातात, दोघे मठात, काही परगावी; योरुंदगार्ड गाउते आणि त्याच्या बायकोचे होते. आयुष्यभर हुकूम चालवलेल्या घरात ती जुनी, अडचणीची म्हातारी उरते. पुन्हा एकदा ती पायी निदारोसला निघते आणि फ्योर्डकाठच्या राइन मठात दाखल होते. १३४९ मध्ये इंग्लंडकडून आलेल्या जहाजातून बर्गेन बंदरात काळा प्लेग उतरला आणि काही महिन्यांत त्याने देशाची निम्म्याच्या आसपास वस्ती नेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मठातल्या नन्स रोग्यांना औषधपाणी देतात, मेलेल्यांना मूठमाती देतात आणि स्वतः मरतात. भीतीने वेडे झालेले काही गावकरी एका अनाथ पोराला जिवंत गाडून रोगदेवतेला बळी देऊ पाहतात. तीन शतकांच्या ख्रिस्ती धर्माखाली दडलेले जुने भय असे वर येते. क्रिस्टिन त्यांना अडवते. त्यांच्यातला एक तिला डिवचतो: एवढी धीट असशील तर या पोराच्या आईचे प्रेत तिच्या झोपडीतून आणून दाखव. ती रात्री जाते, उल्फला सोबत घेऊन प्रेत आणते आणि त्या संसर्गाने स्वतः पडते.

मरताना ती त्या अनोळखी स्त्रीसाठी मिस्सा म्हणवून घ्यायला बोटातली लग्नाची अंगठी काढून देते. अंगठी गेल्यावर बोटावर तिचा वळ उरतो, आणि अंगठीवर कोरलेले मरियेच्या नावातले आद्याक्षर त्वचेवर उमटलेले दिसते. तिला वाटते, आपण सदा आपल्याच मर्जीने चाललो, कुरकुरत चाललो, तरी ज्या मालकाची ही खूण आहे त्याचीच सेवा आपल्या हातून होत राहिली. ज्या लग्नासाठी तिने देवाला दुखावले असे तिला आयुष्यभर वाटले, त्याच लग्नाच्या अंगठीने देवाची खूण तिच्या देहावर उमटवली. प्रेम आणि श्रद्धा यांचा मेळ हजार पानांनंतर बोटावरच्या या वळात बसतो. कथा आधीची सगळी पाने इतकी कठोरपणे जगली आहे की हा शेवट ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

ऐतिहासिक कादंबरीचा नेहमीचा धोका असा की पोशाख जुने आणि माणसे आजची. उंडसेट तो टाळतात, कारण त्या श्रद्धेला पात्रांच्या मनातली वस्तुस्थिती मानतात. क्रिस्टिनला पाप हे समाजाने लादलेले बंधन वाटत नाही. ऊन आणि थंडी इतके ते तिला खरे वाटते. लहानपणी हामारच्या कॅथीड्रलमध्ये भेटलेला एद्विन हा फ्रान्सिस्कन साधू तिला सांगतो की देवाची ओढ आणि जगाची ओढ यांच्यात मन दुभंगते म्हणून माणूस दुःखी होतो. आधुनिक लेखकाने हे वाक्य सल्ल्यासारखे वापरले असते. उंडसेट यांनी ते बीज म्हणून टाकले आणि त्यातून सारे आयुष्य उगवू दिले. निसर्गही असाच येतो. हिमवादळ, वसंतातला पाणलोट, उन्हाळी कुरणांवरचा घंटांचा आवाज ही सजावट नाही, त्यावर पीक आणि प्रवास अवलंबून आहेत.

आक्षेपही घेतले गेले आहेत. स्वतःच्या मर्जीने जगू पाहणाऱ्या स्त्रीला लेखिका शेवटी शरण जायला लावते, असे काहींना वाटते. १९१९ मध्ये उंडसेट यांनी आपल्या काळच्या स्त्री-चळवळीवर टीका करणारे लेखन प्रसिद्ध केले होते, त्यामुळे या आक्षेपाला आधारही मिळतो. परंतु कादंबरी लेखिकेच्या मतांपेक्षा मोठी आहे. स्त्रीची कामेच्छा, गर्भारपणाची भीती, मुलांवरचे हावरे प्रेम आणि घर चालवण्यातली सत्ता यांवर इतक्या निर्भीडपणे तेव्हा फार थोड्यांनी लिहिले होते, आणि तेही क्रिस्टिनला कोणताही दोष माफ न करता.

लेखनाने लेखिकेलाही बदलले. नास्तिकतेकडे झुकलेल्या घरात वाढलेल्या उंडसेट यांनी १ नोव्हेंबर १९२४ रोजी कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. लुथरपंथी नॉर्वेत हे धक्कादायक होते. स्वार्स्ताद यांची पहिली पत्नी हयात असल्याने चर्चच्या दृष्टीने तो विवाह वैध नव्हता आणि तो संपुष्टात आला. क्रिस्टिन ज्या कायद्याच्या कात्रीत सापडली होती, तिच्या लेखिकेच्या संसारालाही अखेर त्याच कायद्याला सामोरे जावे लागले. पुढे १९२५ ते १९२७ या काळात त्यांनी तेराव्या शतकातली ‘ओलाव आउदुन्सोन’ ही आणखी एक दीर्घ कादंबरी लिहिली. १९२८ चे साहित्याचे नोबेल त्यांना मुख्यतः मध्ययुगीन उत्तरेच्या चित्रणासाठी देण्यात आले. हा मान मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री. बक्षिसाची रक्कम त्यांनी दान केली. तिच्यातला एक वाटा अपंग मुलांच्या पालकांसाठी होता.

हिटलरविरोधी लेखनामुळे १९४० मध्ये जर्मन फौजा आल्यावर त्यांना देश सोडावा लागला. त्याच एप्रिलमध्ये थोरला मुलगा लढताना पडला. मुलगी आदल्या वर्षीच गेली होती. स्वीडन, सायबेरिया आणि जपानमार्गे त्या अमेरिकेत पोहोचल्या, १९४५ मध्ये परतल्या आणि १० जून १९४९ रोजी लिलेहामर येथे वारल्या. ब्येर्केबेक आता संग्रहालय आहे. १९९५ मध्ये लिव्ह उलमान यांनी पहिल्या खंडावर चित्रपट केला. त्यासाठी सेल (कादंबरीतले सिल) येथे उभारलेले मध्ययुगीन शेतघर आजही पाहता येते.

इंग्रजीतून वाचणाऱ्यांपुढे दोन भाषांतरे आहेत. १९२० च्या दशकातले चार्ल्स आर्चर आणि जे. एस. स्कॉट यांचे भाषांतर मुद्दाम जुनाट शब्दांत केलेले आहे. मूळ गद्य तसे नाही, आणि त्यात काही मजकूर गाळलाही आहे. टीना नन्नली यांचे १९९७ ते २००० मध्ये आलेले भाषांतर संपूर्ण आहे आणि मूळ भाषेचा साधेपणा राखते. पहिल्या वाचनासाठी तेच घ्यावे. नन्नली यांनीच ‘ओलाव आउदुन्सोन’चे चारही भाग २०२० ते २०२३ या काळात नव्याने इंग्रजीत आणले.